चटणीतली लॅटिन नावं

उन्हाळा लागला की कोल्हापुरात वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते. मिरची, धणे, जिरे, मिरे, तीळ, मेथ्या, तमालपत्र, सगळं भाजून डंकावर जातं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात याच जिनसांना लॅटिन नावं असतात आणि ती रोमन लोकांची, असं आपण धरून चालतो.

तसं नाही. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये ही नावं पक्की केली, पण शब्द बहुतेक जुनेच घेतले. धण्याचं ‘कोरिअँड्रम’, जिऱ्याचं ‘क्युमिनम’, तिळाचं ‘सेसॅमम’ हे रोमनांनी ग्रीकांकडून उचललेले शब्द. ग्रीसमध्ये सापडलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर ते ‘को-रि-या-दो-नो’, ‘कु-मि-नो’, ‘सा-सा-मा’ असे कोरलेले आहेत.

म्हणून ते मुळात ग्रीक, असंही नाही. जिरे आणि तिळाची नावं ग्रीकांना पश्चिम आशियाकडून मिळाली. तिथल्या प्राचीन अक्कडी भाषेत जिऱ्याला ‘कमूनु’ म्हणत. मिरीचं ‘पायपर’ आलं ग्रीक ‘पेपेरि’वरून आणि ‘पेपेरि’ आलं आपल्या पिप्पलीवरून. म्हणजे पिंपळीचं नाव मिरीला चिकटलं! जिनसा मात्र वेगळ्याच राहिल्या: रोमन लेखक प्लिनीच्या काळी रोममध्ये पिंपळी पौंडाला १५ डेनारी (रोमन नाणी) होती, काळी मिरी ४. तमालपत्राचं ग्रीकांनी ‘मालाबाथ्रॉन’ केलं. सुरुवातीचा ‘त’ त्यांना आपल्या भाषेतलं अनेकवचनाचं उपपद वाटला आणि त्यांनी तो गाळला, असं अभ्यासक मानतात.

मेथीची गोष्ट उलटी. ‘फीनम ग्रीकम’ म्हणजे ग्रीक वैरण. नावात ग्रीस असला तरी शब्द अस्सल लॅटिन आहेत.

हे शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून फिरले आणि त्या व्यापाराचा पुरावा कोल्हापुरातच आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात रोमन काशाच्या वस्तू मिळाल्या. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं. त्या वस्तूंतली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. मुलांना घेऊन जरूर बघून या.

राहिली मिरची. ती कोल्हापूरची जुनी मिरासदार वाटते, पण अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्यामुळे तिला प्राचीन ग्रीक किंवा लॅटिन नावच नाही; ‘कॅप्सिकम’ नंतर घडवलेला शब्द आहे. ब्रह्मपुरीत रोमन माल उतरत होता तेव्हा इथल्या जेवणाला तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्याने.