अहिराणी ‘अशुद्ध’ नाही!

श्रावण लागला की नाशिकच्या सिडको-सातपूर भागात कानबाईच्या उत्सवाची लगबग सुरू होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवीची स्थापना, घरोघरी रोट, रात्री गाणी आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. नोकरीधंद्यासाठी इथे स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबं या दोन दिवसांत अहिराणी मोकळेपणाने बोलतात, गातात. एरवी मात्र त्याच घरातलं मूल वर्गात ‘मी जास’ म्हणालं की ‘शुद्ध बोल’ असं त्याला ऐकावं लागतं.

अहिराणी फक्त जळगाव-धुळ्याची नाही. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण, मालेगाव, देवळा, कळवण या कसमादे पट्ट्यातही ती घराघरांत बोलली जाते. 2011च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी हिच्यातच मोजली जाते) ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून नोंदली गेली असून ती बोलणारे 18 लाखांहून अधिक होते. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने 1907 साली आपल्या भाषा सर्वेक्षणात तिला भिल्ली भाषांसोबत ठेवलं. ती स्वतंत्र भाषा की बोली, याबाबत अभ्यासकांमध्ये अजूनही मतभेद आहेत.

वाद काहीही असो, तिचं व्याकरण पक्कं आहे. मी जास, तू जास, तो जास; अनेकवचनात आम्ही जातस. मराठीत ‘माझा भाऊ’, अहिराणीत ‘मना भाऊ’. ‘घरना’, ‘गावना’ यांतला ‘ना’ शेजारच्या गुजरातीशी नातं सांगतो. मूल चुकत नसतं, ते आपल्या बोलीचे नियम काटेकोरपणे पाळत असतं.

गंमत म्हणजे बोलीला पुस्तकात मात्र आपण मान देतो. बहिणाबाई चौधरींच्या कविता 1952 साली प्रसिद्ध झाल्या आणि खानदेशातल्या लेवा बोलीतली ही रचना महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. कवितेत गोड वाटणारी बोली माणसाच्या तोंडी आली की ‘गावठी’ ठरते, हा दुटप्पीपणा आहे.

याचे परिणाम घरात दिसतात. आजी-आजोबा अहिराणीत बोलतात, आई-वडील दोन्हींत आणि ‘समजते, पण बोलता येत नाही’ म्हणणारी नातवंडं प्रमाण मराठीत उत्तर देतात. शेतीची, नात्यांची, देवाधर्माची शब्दसंपदा अशीच एकेका पिढीबरोबर गळते.

परीक्षेसाठी, कचेरीसाठी प्रमाण मराठी यायलाच हवी. त्यासाठी घरची बोली टाकण्याची गरज नाही. शिक्षकांनी पहिली-दुसरीच्या मुलांना आधी आपल्या बोलीत बोलू द्यावं, मग प्रमाण रूप शिकवावं. आणि पालकांनी पाहुण्यांसमोरही मुलांशी अहिराणीत बोलावं; लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नाही.