गाव नरसी, पत्ता मात्र इंग्रजीत?

नरसी नामदेव. हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधू नदीकाठचं, संत नामदेवांचं जन्मगाव. आता हेच नाव मोबाइलवर इंग्रजीत टाइप करा बरं. मध्ये ‘ए’ टाकायचा की नाही? शेवटी एक ‘आय’ की दोन ‘ई’? अडकलात ना! गावाची पाटी मराठीत, गप्पा मराठीत. वेबसाइटचा पत्ता टाकायची वेळ आली की मात्र आपण गुपचूप इंग्रजी कीबोर्डवर जातो.

खरं तर तशी सक्ती उरलेली नाही. देवनागरीतलं ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्येच सुरू झालंय. म्हणजे ‘.इन’ जसं, तसंच ‘.भारत’. गावाच्या नावापुढे ते लावून अख्खा पत्ता मराठीत लिहिता येतो.

हे चालतं कसं? वेबसाइटचे पत्ते शोधणारी यंत्रणा इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ यांच्यावरच उभी आहे. म्हणून ब्राउझर तुमचं देवनागरी नाव आतल्या आत ‘प्युनीकोड’मध्ये बदलतो. ‘भारत’चं होतं ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’! तुम्हाला ते दिसावं लागत नाही, इतकंच. पण एक लक्षात ठेवा, ‘नरसी’ आणि ‘नर्सी’ आपल्यासाठी एकच गाव असलं, तरी यंत्रणेसाठी ते दोन वेगळे पत्ते. इथे शुद्धलेखनाला सुट्टी नाही.

मग अडतं कुठे? ऑनलाइन फॉर्मवर. ईमेलचा पत्ताही देवनागरीत असू शकतो, पण कित्येक फॉर्म तो ‘चुकीचा’ म्हणून परत पाठवतात. कारण तो फॉर्म बनवणाऱ्याने ‘फक्त ए टू झेड चालेल’ अशी एक ओळ कोडमध्ये लिहून ठेवलेली असते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून उचलून तुम्हीही तीच ओळ चिकटवली असेल. आठवतंय?

नामदेव महाराज पंजाबात गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तीही गुरुमुखी लिपीत. लिपी बदलली म्हणून त्यांना कुणी दारातून परत पाठवलं नाही. आज गुरुमुखीतही ‘भारत’ हे डोमेन आहे. दार उघडं आहे. कडी लावलीय ती आपल्या कोडमधल्या त्या एका ओळीने.

तेव्हा पुढचा प्रोजेक्ट जमा करण्याआधी एवढंच करा. स्वतःच्या फॉर्ममध्ये एक देवनागरी ईमेल पत्ता टाकून बघा. फॉर्मने नाकारला, तर चूक पत्त्याची नाही, आपली आहे.