अन्नातील पॉलीअमाइन : आतड्यापासून पेशीपर्यंत

अन्नघटक म्हटले की पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि क्षार ही शाळेत पाठ केलेली यादी आपल्या ओठांवर येते. पॉलीअमाइन हे नाव त्या यादीत नव्हते. अलीकडे मात्र त्यांपैकी ‘स्पर्मिडिन’च्या गोळ्या वार्धक्य लांबविण्याच्या आश्वासनासह विकल्या जातात. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी त्या घ्याव्यात काय, हा प्रश्न म्हणूनच स्वाभाविक आहे. त्याआधी हे पदार्थ पोटात गेल्यावर त्यांचे काय होते, ते पाहू.

पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन ही या कुळातील तीन प्रमुख नावे. पहिल्याच्या नावाला कुजकेपणाचा वास आहे खरा, परंतु तिन्ही पदार्थ आपल्या शरीरातील पेशींत असतात. त्यांवर धनप्रभार असल्याने ते ऋणप्रभारित डीएनएला बिलगून राहतात. पेशींची वाढ आणि प्रथिनांची निर्मिती त्यांच्यावाचून अडते. गव्हाचा अंकुर, सोयाबीन, कडधान्ये, अळिंबी, मुरवलेले चीज यांत स्पर्मिडिन भरपूर असते, तर संत्र्यात पुट्रेसिन. मैदा करताना गव्हाचा अंकुरच काढून टाकला जातो, हे येथे नोंदवावेसे वाटते.

प्रथिनांप्रमाणे पॉलीअमाइनांचे तुकडे करण्याची पचनसंस्थेला फारशी गरज पडत नाही, कारण त्यांचे रेणू मुळातच लहान असतात. लहान आतड्याच्या वरच्या भागातच ते बहुतांशी शोषले जातात. मात्र आतड्याची भिंत म्हणजे केवळ चाळणी नव्हे. तेथील डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर पुट्रेसिनचा मोठा भाग जागीच मोडून टाकते. उरलेला साठा यकृतामार्गे शरीरभर जातो. मोठ्या आतड्यात अन्नातले पॉलीअमाइन फारसे पोहोचतच नाहीत. तेथील पुरवठा जीवाणू करतात. शिवाय प्रत्येक पेशी ऑर्निथिन या अमिनो आम्लापासून आपल्यापुरते पॉलीअमाइन स्वतः घडवते. पेशीतला साठा वाढला की हे उत्पादन आवरले जाते, आणि जादा झालेल्या रेणूंना अॅसिटिल गट जोडून ते मूत्रावाटे बाहेर टाकले जातात.

असा चोख हिशेब ठेवणाऱ्या शरीरात गोळी गिळली म्हणजे तेवढे स्पर्मिडिन पेशींत जमा झाले, असे मानता येत नाही. बर्लिनमधील एका चाचणीत १०० वृद्धांपैकी काहींना १२ महिने स्पर्मिडिनयुक्त अर्क आणि इतरांना निर्गुण गोळी दिली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. आमच्या मते वरणभात, उसळ आणि चक्कीच्या पिठाची पोळी यांना बाजूस सारून महागडी बाटली घेण्यास आज सबळ कारण नाही. कर्करोगाच्या पेशींनाही वाढीसाठी पॉलीअमाइन लागतात. म्हणून अशा रुग्णांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून या गोळ्यांना हात लावू नये.

आतड्यातील त्याच विकराकडे आणखी एक काम असते, ते हिस्टामिन मोडण्याचे. नीट न राखलेल्या बांगड्यात हिस्टामिन साठते आणि सोबत पुट्रेसिनही वाढते. विकर दोन्हींमध्ये वाटले जाते, हिस्टामिन रक्तात शिरते आणि अंगावर पित्त उठते. मासा शिजविल्याने हिस्टामिन नाहीसे होत नाही. तो पकडल्यापासून बर्फावर ठेवणे हाच उपाय.