व्यासांचे किती, आपले किती?

द्रौपदीच्या स्वयंवरात कर्ण धनुष्याला हात घालतो आणि भर सभेत ती सांगते, सूताला मी वरणार नाही. हा प्रसंग मराठी वाचकाच्या मनात इतका पक्का बसला आहे की कर्णाचा पुढचा सारा सल त्यावरच उभा केला जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र द्रौपदीचे हे बोलणे वगळलेल्या पाठांत गेले आहे. संहितेत उरते ते वेगळेच. ब्राह्मणवेषातला अर्जुन पुढे होतो तेव्हा भोवतालचे ब्राह्मण आपसांत म्हणतात की, कर्ण-शल्यांसारख्यांना जे धनुष्य वाकले नाही ते या पोराला कसे वाकणार? म्हणजे तिथे कर्णाचे अपयश आहे, अपमान नाही. एवढ्या फरकाने द्रौपदी बदलते, कर्ण बदलतो आणि द्यूतसभेतले त्याचे बोलणेही वेगळे ऐकू येते.

हा निर्णय कुणाच्या आवडीनिवडीने झालेला नाही. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९२५ पासून डॉ. वि. स. सुखटणकरांनी त्याला शिस्त लावली. चौकटी आखलेल्या कागदावर वर एकच श्लोक लिहायचा आणि त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातला फरक अक्षराखाली अक्षर येईल असा उतरवायचा. एका श्लोकाला एक कागद. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांची नोंद झाली. त्यांत देवनागरी १०७, तर काश्मीरच्या शारदा लिपीतल्या अवघ्या तीन. पण संख्येला इथे मान नव्हता. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी, एकमेकींना कधी न भेटलेल्या, जिथे एकच पाठ देतात तिथे तो जुना मानायचा. जो मजकूर एखाद्याच प्रदेशात वाढलेला दिसतो तो बाजूला काढायचा. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही याच कसोटीवर संहितेबाहेर गेला. तिथे वस्त्रामागून वस्त्र येत राहते. कोण पुरवते ते सांगितलेले नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: बाजूला काढलेले काहीही टाकून दिलेले नाही. तळटिपांत आणि परिशिष्टांत ते पोथीच्या खुणेसह छापले आहे. १,२५९ हस्तलिखिते तपासून १९६६ साली हे काम पुरे झाले. सुखटणकर ते पाहायला नव्हते. १९४३ सालीच ते गेले.

पुन्हा सांगण्याची आपली परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. ज्यांच्या टीकेसह महाभारत देशभर वाचले गेले ते सतराव्या शतकातले नीलकंठ चतुर्धर मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. काशीत बसून त्यांनी ठिकठिकाणच्या पोथ्या जमवल्या. मुक्तेश्वरांनी ओवीत, मोरोपंतांनी आर्येत भारत सांगितले, श्रीधरांचा पांडवप्रताप घराघरांत वाचला गेला. लोककलावंतांनी तर जांभूळ आख्यानात द्रौपदीच्या मनातला कर्णही बोलून दाखवला. यात फसवणूक कुठेच नव्हती. आपण मोरोपंतांचे भारत ऐकतो आहोत हे श्रोत्याला ठाऊक असे.

गोंधळ झाला तो कादंबरीच्या काळात. १९६७ साली, चिकित्सक आवृत्ती पुरी झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, मराठीत दोन पुस्तके आली: शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’. ‘मृत्युंजय’ने तीन पिढ्यांना कर्ण दिला आणि तो कर्ण सावंतांचा आहे. त्याची पत्नी वृषाली हे नावसुद्धा व्यासांच्या ग्रंथात नाही. कादंबरीकाराचा हा हक्कच आहे. पण आज वादसभेत, शाळेच्या स्पर्धेत, कीर्तनातही वृषाली व्यासांची म्हणून येते, तेव्हा नुकसान दोघांचे होते. व्यासांच्या पदरी त्यांचे नसलेले पडते आणि सावंतांची निर्मिती त्यांच्या नावावर राहत नाही.

कर्व्यांचा रस्ता निराळा. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असेल का, हा त्यांचा प्रश्न कुठल्याही कादंबरीला शोभेल इतका धाडसी आहे. पण त्या पुरावा वाचकासमोर ठेवतात: नियोगात दिराला असलेले स्थान, विदुर हा धर्माचा अवतार असणे, आणि वनात झाडाला टेकून उभ्या राहिलेल्या विदुराने प्राण सोडताना योगबळाने युधिष्ठिराच्या देहात शिरणे. ग्रंथ काय सांगतो आणि तर्क कुठून सुरू होतो, हे वाचकाला प्रत्येक पायरीवर कळते. पटले नाही तर तिथेच थांबता येते. पुनर्कथनाचा मराठीतला सर्वांत चांगला नमुना मी यालाच मानतो.

आजही दरवर्षी द्रौपदीच्या, गांधारीच्या, शकुनीच्या तोंडून सांगितलेली नवी पुस्तके निघतात. निघावीत; महाकाव्य जिवंत राहते ते यानेच. प्रकाशकांना विनंती एवढीच आहे की शेवटी दोन पाने जास्त छापावीत: कोणता पाठ वापरला, कोणते प्रसंग लोककथेतून घेतले, कोणते लेखकाने स्वतः रचले. आणि वाचकांनी पुस्तक विकत घेताना ती दोन पाने आधी मागावीत.