सहावी-सातवीत अडणारी मुले

वर्गात तोंडी उत्तर फाडफाड देणारा मुलगा वहीत मात्र 'ध'चा 'घ' करतो, जोडाक्षर गाळतो, फळ्यावरचे उतरवताना ओळच सोडतो. 'पंचवीस' ऐकून 52 लिहितो. शेरा ठरलेला असतो : 'आळशी, लक्ष नाही.' प्रत्यक्षात ही अध्ययन अक्षमता असू शकते. वाचनातली डिस्लेक्सिया, लेखनातली डिस्ग्राफिया, गणितातली डिस्कॅल्क्युलिया. बुद्धी कमी असण्याशी तिचा संबंध नाही.

चौथीपर्यंत पाठांतरावर निभावते. पुढे प्रत्येक विषयाचे धडे लांबतात, इतिहास-विज्ञानही वाचूनच शिकावे लागते आणि गाडी अडते.

1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात या अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत ती आली. ती लवकरात लवकर ओळखणे आणि त्यानुसार शिकवण्याची पद्धत बदलणे हे त्या कायद्याने शैक्षणिक संस्थांवर टाकलेले काम आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या सवलतींचीही त्यात तरतूद आहे.

सवलतींची चर्चा बहुतेकदा दहावीच्या तोंडावर सुरू होते, तोवर फार उशीर झालेला असतो. खरे काम रोजच्या तासाला करायचे : फळ्यावरचा मजकूर छापून देणे, उत्तर तोंडी घेणे, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला न लावणे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

पालकांनो, सवलतींसाठी अक्षमतेचे प्रमाणपत्र अधिकृत सरकारी वैद्यकीय यंत्रणेचेच लागते. तपासणीसाठी नववीची वाट पाहू नका.