194 देश, 39 गावं आणि शून्य मतं

वाशिम जिल्ह्यातल्या, कारंजा तालुक्यातल्या धनजमध्ये एखादी बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, फेऱ्या सुरू होतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळाचं वजन, अंगातला ताप, नाळेची जागा, श्वासाचा वेग, अंगावर नीट पितंय की नाही, हे बघायचं आणि लिहून ठेवायचं. मूल घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीची एक फेरी वाढते.

या फेऱ्यांचा माग काढत गेलं तर वाट निघते आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत. तिथून ती जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या दारापर्यंतही गेली आहे.

आधी बाळाच्या पहिल्या 28 दिवसांचं वजन समजून घेऊ. बालपणाची पहिली पाच वर्षं म्हणजे 1,826 दिवस. त्यात 28 दिवस म्हणजे जेमतेम दीड टक्का. पण जगात पाच वर्षांखालची जी मुलं दगावतात, त्यांतली जवळपास निम्मी या दीड टक्क्यात जातात. 1990 मध्ये अशी सुमारे 50 लाख नवजात बाळं गेली. 2022 मध्ये हा आकडा 23 लाखांवर आला. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या होती 11,97,160. म्हणजे 1990 मध्ये वर्षभरात चार वाशिम जिल्हे पुसले जात होते, आता जवळजवळ दोन. तेव्हा दर सहा सेकंदांना एक बाळ जात होतं, आता दर चौदा सेकंदांना.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ या स्वयंसेवी संस्थेचं काम तिथे उभं राहिलं. 1993 ते 1995 या काळात त्यांनी गावोगावच्या जन्ममृत्यूंची काटेकोर मोजदाद केली. हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. दवाखाना लांब, रस्ता नाही, आणि बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही ही रीत. मग 39 गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. शेजारची 47 गावं तुलनेसाठी होती.

1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. 62 वरून नवजात मृत्यूदर 25.5 वर आला होता. तुलनेच्या गावांच्या हिशेबानं ही घट 62 टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी सहातलं एक जायचं, नंतर छत्तिसातलं एक. दर बाळामागे खर्च 5.3 डॉलर, आणि सांभाळलेल्या दर 18 बाळांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार केला तर शंभर डॉलरहून कमी खर्चात एक जीव वाचत होता.

आता जिनिव्हाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेत 2025 मध्ये 194 सदस्य देश होते आणि प्रत्येकाला एक मत. मोठ्यातल्या मोठ्या स्वयंसेवी संस्थेची मतं शून्य. संयुक्त राष्ट्रांतही तेच. तिथल्या सनदेच्या 71 व्या कलमानं संस्थांना सल्ला देण्याचा हक्क दिला, ठराव करण्याचा दिला नाही. सुरुवातीला अशा मान्यताप्राप्त संस्था 41 होत्या. 1992 मध्ये सातशेच्या वर गेल्या, आज सहा हजारांच्या वर आहेत. प्रत्येकीनं फक्त तीन मिनिटं बोलायचं ठरवलं तरी 300 तास होतात. रात्रंदिवस ऐकत बसलं तरी साडेबारा दिवस. ‘विशेष’ दर्जा असलेल्या संस्थेनं आर्थिक व सामाजिक परिषदेला लेखी निवेदन द्यायचं तर मर्यादा 500 शब्दांची. हा छोटा लेखही तिथे मावणार नाही.

एवढ्या गर्दीत आवाज पोहोचतो कुणाचा? माझी खात्री आहे, ज्यानं मोजलं आहे त्याचा. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून सांगितलं की नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करा: पहिली भेट जन्मानंतर 24 तासांत, दुसरी तिसऱ्या दिवशी, आणि जमलं तर तिसरी पहिला आठवडा संपायच्या आत. आधाराला भारत, बांगलादेश आणि पाकिस्तानातले अभ्यास होते, त्यांत गडचिरोलीचाही. अशा भेटींनी नवजात मृत्यू 30 ते 61 टक्क्यांनी कमी होऊ शकतात, असं त्यात म्हटलं होतं. गडचिरोलीची ती 39 गावं म्हणजे सुमारे 39 हजार माणसं, आजच्या भारताचा सुमारे सदतीस हजारावा हिस्सा. तिथल्या वह्यांतल्या नोंदी 194 देशांसाठी दाखला ठरल्या.

याच बंग जोडप्यानं असं आधीही करून दाखवलं होतं. 1989 मध्ये त्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, सरासरी एकीला साडेतीनहून जास्त. याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. तोवर जगाला बाईचं आरोग्य म्हटलं की कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढंच दिसायचं. 1994 मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत 179 देशांनी स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार मान्य केला. जगभरच्या स्त्रीसंघटनांनी त्यासाठी जो रेटा लावला, त्याच्या पुराव्यांत या 650 जणींचं मूक दुखणंही होतं.

2011 मध्ये केंद्र सरकारनं घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर नेला आणि काम आशाताईंवर सोपवलं. देशात त्या नऊ लाखांहून जास्त आहेत. वर्षाला एक कोटी बाळं धरली, तरी सहाच्या हिशेबानं सहा कोटी गृहभेटी होतात, दिवसाला एक लाख साठ हजारांच्या वर. एका बाळाच्या सगळ्या भेटींचा मोबदला ठरला 250 रुपये. भेटीमागे 42 रुपयेसुद्धा पडत नाहीत. ज्या कामाची शिफारस जागतिक संस्था करतात, त्याचं मोल इतकं कमी असावं, हे मला सहन होत नाही.

2018 मध्ये देशातले 112 जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले गेले. महाराष्ट्रातले चार, त्यांत गडचिरोलीही आणि वाशिमही. मागास म्हणून एका यादीत बसलेल्या दोन जिल्ह्यांतल्या एकानं जगाला रीत शिकवली आणि दुसऱ्यात ती रोज पाळली जाते.

धनजच्या त्या घरात आशाताई बाळाच्या छातीवर नजर ठेवून श्वास मोजते. अंदाज चालत नाही, पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. त्या एका मिनिटात जगात कुठेतरी चार नवजात बाळं जातात. समोरचं बाळ त्यांत नसावं म्हणून ती मोजते, आणि आकडा वहीत लिहिते.