व्यवसाय करातील सवलत आणि रोजगार हमी

गेवराईच्या बाजारपेठेतील एखाद्या कापड दुकानात दरमहा 18,000 रुपये वेतनाचे दोन नोकर असले, तर पुरुषाच्या वेतनातून व्यवसाय करापोटी 200 रुपये कापले जातात. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. स्त्रीच्या वेतनातून काहीच कापले जात नाही. महिलांसाठी करमाफीची मासिक वेतनमर्यादा 2023 मध्ये 10,000 वरून 25,000 रुपये करण्यात आली. मात्र ही सवलत वेतनदार महिलांपुरतीच आहे. ती पुरुष नोकरदारांना व लहान दुकानदारांनाही का मिळू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर शोधताना या कराचा उगम ध्यानी घ्यावा लागतो. 1972 च्या भीषण दुष्काळानंतर, रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता 1975 मध्ये हा कर बसविण्यात आला. कराचे उत्पन्न आणि शासनाचा तितकाच वाटा रोजगार हमी निधीत जमा करण्याची तरतूद 1977 च्या अधिनियमाने केली. शहरातील पगारदाराचा रुपया अशा रीतीने बंधाऱ्यावर माती वाहणाऱ्या मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोहोचला. बीड जिल्ह्याला या देवघेवीचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि, सवलत मागणाऱ्यांचे म्हणणेही निराधार नाही. राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदानुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये आहे. 1988 च्या घटनादुरुस्तीपासून ती बदललेली नाही. परिणामी 18,000 चा नोकर आणि लाखभर वेतनाचा अधिकारी सारखाच कर भरतात. हा अन्याय उघड आहे. पण लहानांना वगळून मोठ्यांकडून अधिक घ्यावयाचे, तर संसदेलाच घटना दुरुस्त करावी लागेल. तोवर माफीची तूट राज्याच्या तिजोरीवरच पडेल.